नाव कोणी द्यायचे? : आयरिश कुलसंमेलने आणि कुलप्रमुखाचे पदग्रहण

आयर्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर, मॉय नदी जेथे किलालाच्या आखाताला मिळते त्या मुखाजवळ, स्लायगो काउंटीत एनिस्क्रोन हे छोटेसे गाव असून, ओ डूडा या प्राचीन कुलाचे वंशज १९९० पासून दर काही वर्षांनी तेथे एकत्र येतात आणि आपल्यातूनच एका व्यक्तीची कुलप्रमुख म्हणून निवड करून तिचे विधिपूर्वक पदग्रहण घडवून आणतात. इंग्रजी अमलात या आडनावाची ओ'डाउड, डाउड, डूडी, डडी अशी अनेक रूपे झाली आणि ती धारण करणारी कुटुंबे अमेरिका, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड अशी जगभर पांगली. त्यामुळे संमेलनाला येणाऱ्यांपैकी अनेकांना एकमेकांची भाषाशैली परकी वाटते, चेहरे अनोळखी असतात, आणि तरीही पडक्या किल्ल्याच्या भिंतीपाशी उभे राहून ते ज्या पदाची पुनःस्थापना करतात ते पद सतराव्या शतकात कायद्याने नष्ट केले गेले होते. असे संमेलन करणारे हे एकच कुल नाही. मेयो काउंटीतील ओ'मॅली कुलाची संघटना १९५३ मध्येच स्थापन झाली, डोनेगॉलमधील ओ'डोहर्टी कुलाचे लोक इनिशोएन द्वीपकल्पात भरणाऱ्या संमेलनांसाठी दूरदूरच्या देशांतून येऊ लागले, आणि १९८९ मध्ये ‘क्लॅन्स ऑफ आयर्लंड’ ही अशा संघटनांची नोंद ठेवणारी मध्यवर्ती संस्था उभी राहिली. या पदग्रहणांना हौशी लोकांचे वेशभूषेसह नाट्य म्हणून बाजूला सारणारे टीकाकार आयर्लंडमध्ये पुष्कळ आहेत. परंतु जुना विधी नेमका काय होता आणि त्यातला अधिकार कोठून येत असे हे पाहिले, तर या टीकेचा फेरविचार करावा लागतो.

ओ डूडा कुलाचे उदाहरण यासाठी विशेष उपयोगी आहे, कारण त्यांच्या प्रमुखाच्या पदग्रहणाचा विधी लेखी स्वरूपात टिकून राहिला आहे. मॉयच्या दोन्ही तीरांवर, म्हणजे आजच्या उत्तर मेयो व पश्चिम स्लायगो या भागांत, या कुलाची सत्ता होती आणि त्यांच्या आश्रयाने मॅकफर्बिस हे वंशपरंपरागत इतिहासकारांचे घराणे एनिस्क्रोनजवळच्या लेकन येथे नांदत होते. वंशावळी जपणे, जमिनींच्या सीमा लक्षात ठेवणे, स्तुतिकाव्ये रचणे आणि वादाच्या प्रसंगी पूर्वजांच्या परंपरेची साक्ष देणे ही या घराण्याची कामे होती. त्यातील गिल्ला ईसा मॅकफर्बिस याने पंधराव्या शतकाच्या प्रारंभी सिद्ध केलेला ‘लेकनचा ग्रंथ’ आज डब्लिनच्या रॉयल आयरिश अकादमीत आहे, तर त्याच घराण्यातील डुआल्टाक मॅकफर्बिस याने सतराव्या शतकाच्या मध्यास, क्रॉमवेलच्या फौजा देश तुडवीत असताना, गॉलवे शहरात बसून आयरिश वंशावळींचा प्रचंड संग्रह पूर्ण केला. १६७१ मध्ये वृद्धापकाळी त्याची स्लायगो काउंटीत हत्या झाली, आणि त्याच्याबरोबर जुन्या पद्धतीने शिकलेल्या वंशपरंपरागत इतिहासकारांची परंपराही जवळजवळ संपली. या घराण्याने जपलेली सामग्री जॉन ओ'डोनोव्हन या विद्वानाने १८४४ मध्ये इंग्रजी भाषांतरासह छापली नसती, तर एनिस्क्रोनच्या आजच्या संमेलनाला स्वतःच्या विधीचा आधारच उरला नसता.

या सामग्रीत सांगितलेला विधीचा क्रम लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे. मेजवानीतील पहिला पेयप्याला ओ डूडा स्वतः पीत नाही, तर तो ओ कीव्हान नावाच्या सरदाराला देतो, आणि ओ कीव्हानही तो ओठाला लावण्याआधी कवीला, म्हणजे मॅकफर्बिसला, अर्पण करतो. पदग्रहण झाल्यावर नव्या प्रमुखाची शस्त्रे, युद्धवेश आणि घोडा ओ कीव्हानला मिळतात, आणि ओ कीव्हानची शस्त्रे व वेश मॅकफर्बिसकडे जातात. सर्वांत महत्त्वाचा नियम असा की, ओ कीव्हान आणि मॅकफर्बिस या दोघांनी ‘ओ डूडा’ हे नाव उच्चारल्याशिवाय आणि मॅकफर्बिसने दंड त्याच्या मस्तकावरून फिरवल्याशिवाय कोणालाही ओ डूडा म्हणवून घेण्याचा अधिकार प्राप्त होत नाही; बिशप, मठाधिपती आणि प्रदेशांचे सरदार यांनीही ते नाव उच्चारायचे असते. येथे ‘नाव’ म्हणजे केवळ आडनाव नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. गेलिक समाजात, म्हणजे आयरिश भाषा बोलणाऱ्या आणि स्वतःच्या कायद्याने चालणाऱ्या मूळच्या समाजात, प्रमुखाची वेगळी पदवी नसे. कुलाचे नाव कोणत्याही व्यक्तिनामाशिवाय एकट्याने घेतले की तोच प्रमुखाचा निर्देश होई, आणि म्हणून ते नाव मिळणे हेच सत्ता मिळणे होते.

ओ कीव्हानचा या विधीतील मान कोठून आला, याचे स्पष्टीकरण आणखी बोलके आहे. हे घराणे त्याच वंशातील ज्येष्ठ शाखेचे मानले जात असे, परंतु प्रमुखपद धाकट्या शाखेकडे गेले होते. आणि ज्यांचा हक्क मागे पडला त्यांच्याच तोंडून नव्या प्रमुखाचे नाव प्रथम उच्चारले जावे, अशी व्यवस्था करून समाजाने एक जुना कलह सन्मानाच्या रूपाने मिटवला होता. भावकीतला दुखावलेला भाऊ जेव्हा स्वतःच्या हाताने दुसऱ्याला पुढे करतो, तेव्हा त्या निवडीला जे वजन येते ते कोणत्याही राजपत्राने येत नाही.

विधीची जागाही ठरलेली होती. नदीच्या एका तीरावर आवलगा या पूर्वजाने रचलेल्या मानल्या गेलेल्या दगडांच्या राशीपाशी, आणि दुसऱ्या तीरावर ब्रायनच्या कन्येच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राशीपाशी पदग्रहण होऊ शके, आणि प्रमुख ज्या तीरावर असेल त्या तीरावरील जागा पुरेशी मानली जाई. आयर्लंडभर अशी स्थळे होती. कॉनाक्टचे राजे असलेल्या ओ'कॉनर कुलाचे पदग्रहण रॉसकॉमन काउंटीतील कार्नफ्री या टेकाडावर होई; ओ'डॉनेल कुलप्रमुखाला डोनेगॉलमधील किलमाक्रेनन परिसरात ओ'फ्रील घराण्यातील धर्माधिकारी पद देत असे; आणि अल्स्टरच्या ओ'नील कुलासाठी टिरोन काउंटीतील टुलाहोग ही टेकडी राखलेली होती, जेथे ओ'हेगन हे घराणे स्थळाचे राखणदार होते आणि ओ'काहान हा मांडलिक सरदार नव्या प्रमुखाच्या मस्तकावरून पादत्राण फेकून त्याचा मान राखीत असे. एडमंड स्पेन्सर या इंग्रज कवीने, जो आयर्लंडमध्ये सरकारी अधिकारी होता आणि गेलिक समाजाचा कडवा विरोधक होता, १५९६ च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या ग्रंथात या विधीचे वर्णन केले आहे. त्यात टेकडीवरील राखीव शिळा आहे, काही शिळांवर कोरलेला पहिल्या प्रमुखाच्या पायाचा ठसा आहे, पूर्वापार रूढी अभंग राखण्याची आणि उत्तराधिकाऱ्याला शांततेने सत्ता देण्याची शपथ आहे, आणि हातात दंड घेतल्यावर शिळेवरून उतरून तीन वेळा एका दिशेने व तीन वेळा उलट दिशेने वळणारा प्रमुखही आहे. दंडाचा अर्थ जेफ्री कीटिंग या सतराव्या शतकातील आयरिश इतिहासकाराने सांगितला आहे: तो पांढरा आणि सरळ असतो, कारण प्रमुखाचा न्याय निर्मळ व निःपक्षपाती असावा, आणि आपल्या माणसांवर अधिकार चालवण्यासाठी त्याला दुसऱ्या शस्त्राची गरज पडू नये.

या पदासाठी माणूस कसा निवडला जाई, हा प्रश्न सर्वांत कळीचा आहे. ब्रेहन कायद्यात, म्हणजे ब्रेहन नावाच्या वंशपरंपरागत न्यायशास्त्र्यांनी जपलेल्या आयरिश विधिपरंपरेत, थोरल्या मुलाला आपोआप वारसा मिळत नसे. एका पणजोबाच्या पुरुष वंशजांचा जो चार पिढ्यांचा गट असे, त्याला ‘डेरवफिना’ म्हणत आणि त्या गटातील कोणताही कर्तबगार पुरुष तत्त्वतः प्रमुखपदास पात्र ठरे. प्रमुख जिवंत असतानाच ज्याची उत्तराधिकारी म्हणून निवड होई त्याला ‘टॉनिश्ता’ म्हणत. महाराष्ट्रातील वाचकांना हे शब्द अगदीच अपरिचित नसावेत, कारण मालवण तालुक्यातील वराड हे ज्यांच्या वडिलांचे गाव, ते लिओ वराडकर स्वतंत्र आयर्लंडचे ‘टीशख’ म्हणजे पंतप्रधान आणि ‘टॉनिश्ता’ म्हणजे उपपंतप्रधान अशा दोन्ही पदांवर राहिले आहेत, आणि आयरिश राज्यघटनेने १९३७ मध्ये ही दोन्ही नावे जुन्या कुलव्यवस्थेतून उचलली आहेत. जुन्या निवडीला लोकशाही म्हणणे मात्र चुकीचे ठरेल. मत बलवान नातलगांचे आणि मांडलिकांचे चाले, स्त्रियांना स्थान नव्हते, सामान्य कुणब्याला कोणी विचारत नसे, आणि दोन दावेदारांमधील तंटा अनेकदा डोळे फोडण्यापर्यंत किंवा खुनापर्यंत जाई. तरीही तत्त्व निःसंदिग्ध होते: रक्ताने माणूस पात्र ठरे, पण प्रमुख तो निवडीने आणि इतरांनी नाव दिल्याने होई.

इंग्रज राजसत्तेला नेमके हेच तत्त्व सहन होणारे नव्हते. आठवा हेन्री १५४१ मध्ये आयर्लंडचा राजा म्हणून घोषित झाल्यावर ‘समर्पण आणि पुनर्दान’ हे धोरण आले, ज्यात कुलप्रमुखाने आपले नाव व भूमी राजाला समर्पित करायची आणि इंग्रजी सरदारकी व तीच भूमी थोरल्या मुलाकडे जाणाऱ्या वतनाच्या रूपाने परत घ्यायची. कॉन ओ'नील १५४२ मध्ये अशाच रीतीने टिरोनचा अर्ल झाला. १५६९ मध्ये ‘ओ'नील’ हे पद धारण करणे कायद्याने राजद्रोह ठरवले गेले, आणि तरीही ह्यू ओ'नील याने १५९५ मध्ये टुलाहोगच्या शिळासनावर बसून तेच नाव घेतले, कारण अल्स्टरमधील माणसांना हाक देण्याची जी ताकद त्या एका शब्दात होती ती अर्लच्या किताबात नव्हती. किन्सेलच्या लढाईत १६०१ मध्ये त्याचा पराभव झाल्यावर लॉर्ड माउंटजॉय या इंग्रज सेनापतीने १६०२ मध्ये टुलाहोगचे शिळासन फोडून टाकले. लढाई जिंकलेल्या सेनापतीला एका टेकडीवरचे दगड फोडण्यासाठी सवड काढावीशी वाटते, यातूनच त्या दगडांचे राजकीय मोल कळते. १६०७ मध्ये रॅथमलनच्या किनाऱ्यावरून ह्यू ओ'नील, ओ'डॉनेल प्रमुख आणि त्यांचे अनुयायी युरोपकडे निघून गेले, आणि पुढच्याच वर्षी डब्लिनच्या न्यायालयाने कॉर्कमधील ओ'कॅलहान कुलाच्या भूमीविषयीच्या खटल्यात टॉनिश्ता निवडण्याची रूढी अनिश्चित, अविवेकी आणि म्हणून निरर्थक ठरवली. शिळा हातोड्याने फुटली, तर निवडीचे तत्त्व न्यायनिवाड्याने मोडले, आणि या दोहोंत दुसरा घाव अधिक खोल गेला.

त्यानंतरच्या तीन शतकांत कुलप्रमुखांचे वंशज स्पेन, पोर्तुगाल, फ्रान्स आणि ऑस्ट्रियाच्या सैन्यांत आणि दरबारांत स्थिरावले. ओ'डॉनेलांच्या वंशातील लिओपोल्डो ओ'डॉनेल एकोणिसाव्या शतकात स्पेनचा पंतप्रधान आणि तेतुआनचा ड्यूक झाला. क्लॅन्डेबॉयच्या ओ'नील शाखेचे प्रमुख पोर्तुगीज झाले. मायदेशी राहिलेल्यांपैकी ओ'कॉनर डॉन या घराण्याने मात्र आपली वंशपरंपरा आणि रॉसकॉमनमधील क्लोनालिस ही वास्तू सांभाळली.

स्वतंत्र आयरिश राज्याने १९४३ मध्ये जुन्या इंग्रजी वंशचिन्ह कार्यालयाचा ताबा घेतला आणि एडवर्ड मॅकलायसाट या विद्वानाच्या नेतृत्वाखाली ‘चीफ ऑफ द नेम’, म्हणजे नावाचा प्रमुख, अशी सौजन्यपर मान्यता देण्यास प्रारंभ केला. मॅकलायसाटचा हेतू चांगला होता. खोटे दावेदार माजले होते आणि त्यांना आळा घालणे आवश्यक होते. परंतु निकष म्हणून जो नियम स्वीकारला गेला तो असा की, विधिपूर्वक पद ग्रहण केलेल्या शेवटच्या प्रमुखापासून थोरल्या मुलाच्या क्रमाने जो पुरुष आज ज्येष्ठ ठरेल तोच प्रमुख. ज्या ज्येष्ठत्वाच्या नियमाला गेलिक कायद्याने कधी मानले नाही, आणि जो लादण्यासाठीच १६०८ चा निवाडा झाला, तोच नियम स्वतंत्र आयर्लंडच्या कार्यालयाने गेलिक प्रमुखपदाची कसोटी म्हणून वापरला, ही विसंगती आज मागे वळून पाहताना फार ठळक दिसते. या पद्धतीचा अंत अपकीर्तीत झाला. मन्स्टरच्या मॅककार्थी मोर या राजकुलाचे प्रमुखपद सांगणाऱ्या एका व्यक्तीला १९९२ मध्ये मान्यता मिळाली, त्या नावावर किताब विकले गेले, आणि १९९९ मध्ये वंशावळ खोटी असल्याचे उघड होऊन ती मान्यता रद्द करावी लागली. मान्यता देण्यास कायद्याचा किंवा राज्यघटनेचा आधारच नाही, असा सल्ला मिळाल्यावर २००३ मध्ये ही प्रथा पूर्णपणे बंद झाली. स्कॉटलंडमध्ये लॉर्ड लायन या अधिकाऱ्याला वंशचिन्हांबाबत न्यायालयाचे अधिकार आहेत. आयर्लंडमध्ये तसे काहीही नसल्याने २००३ नंतर आयरिश कुलप्रमुख कोण, हे सांगणारी कोणतीही सरकारी सत्ता उरली नाही.

या पार्श्वभूमीवर आजची संमेलने पाहावी लागतात. साधारणतः तीन-चार दिवसांच्या कार्यक्रमात नोंदणी, इतिहासकारांची व्याख्याने, कुलाच्या पडक्या किल्ल्यांची व मठांची सहल, पूर्वजांच्या स्मरणार्थ प्रार्थना, संगीत आणि मेजवानी असते, आणि अखेरीस प्रमुखाचे पदग्रहण होते. पण अनेकांच्या दृष्टीने खरे काम व्याख्यानगृहाबाहेरच्या टेबलांवर चालते, जेथे माणसे आपापल्या वंशावळी उलगडून शेजाऱ्याच्या वंशावळीशी ताडून पाहतात. त्यांची तळमळ समजण्यासाठी दोन गोष्टी माहीत हव्यात. बटाट्याच्या पिकावरील रोगाने १८४५ पासून पडलेल्या महादुष्काळात सुमारे १० लाख माणसे दगावली आणि त्याहून अधिक देशाबाहेर गेली, त्यामुळे १८४१ मध्ये सुमारे ८२ लाख असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये सुमारे ६५ लाखांवर आली. दुसरी गोष्ट म्हणजे १९२२ मध्ये यादवी युद्धाच्या प्रारंभी डब्लिनचे सार्वजनिक अभिलेखागार जळाले आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील जनगणनांचे बहुतेक कागद राख झाले. ज्याचे पूर्वज दुष्काळात जहाजावर चढले त्याला गावाचे नाव ठाऊक नसते, आणि ते सांगू शकणारा कागदही अनेकदा शिल्लक नसतो. अशा माणसासाठी तेच आडनाव धारण करणाऱ्या स्थानिक शेतकऱ्याची आठवण हाच अभिलेख ठरतो.

आता जनुकीय चाचण्यांची भर पडली आहे. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील संशोधकांनी २००६ मध्ये दाखवले की वायव्य आयर्लंडमधील दर पाच पुरुषांपैकी सुमारे एकाच्या वाय गुणसूत्रावर, म्हणजे पित्याकडून पुत्राकडे जाणाऱ्या गुणसूत्रावर, एकच खूण आढळते. तिचा संबंध त्यांनी नियाल या प्राचीन राजाच्या वंशाशी जोडला, आणि ओ डूडा कुल स्वतःला याच नियालच्या फियाक्रा नावाच्या भावाचे वंशज मानते. पुढील संशोधनात ही खूण नियालच्या काळापेक्षाही जुनी असावी असे दिसून आले. शिवाय एकच आडनाव असणे म्हणजे एकच रक्त असणे नव्हे, कारण मांडलिक, कुळे आणि पाळलेली मुलेही प्रमुखाचे नाव धारण करीत. गुणसूत्रावरून कोणी प्रमुख ठरवू पाहील, तर ती सरकारी वंशचिन्ह कार्यालयाने केलेल्या चुकीची प्रयोगशाळेतली आवृत्ती होईल.

निवडणुकीने प्रमुख ठरवणाऱ्या कुलांनी हा मोह टाळला आहे, आणि त्यात त्यांचे मोठेपण आहे. एनिस्क्रोनला निवडलेला टीशख, म्हणजे येथे कुलप्रमुख, पुढच्या निवडीपर्यंत पद सांभाळतो. ओ'मॅली कुलही आपला प्रमुख निवडते, आणि त्या पदावर स्त्रियाही आल्या आहेत. ज्या कुलातील ग्रॉन्या ओ'मॅली हिने सोळाव्या शतकात क्ल्यू उपसागरात गलबतांचा ताफा चालवला आणि १५९३ मध्ये ग्रिनिचला जाऊन एलिझाबेथ राणीची भेट घेतली, पण जिला गेलिक कायद्याने प्रमुखपद कधीच दिले नसते, त्या कुलाने हा दंडक मोडावा हे सर्वथा योग्य झाले. ही सारी परंपरा कृत्रिम आहे, जुन्या प्रमुखाकडे भूमी, सैन्य आणि न्यायदान होते व आजच्याकडे यांपैकी काहीही नाही, हा आक्षेप खरा आहे. पण जाणीवपूर्वक जुने रूप पुन्हा उभे करणे ही गोष्ट आयर्लंडमध्ये नवी नाही. १३१० मध्ये फेलिम ओ'कॉनर या तरुणाला त्याचा पालक मॅकडरमट याने कार्नफ्रीवर राजपद दिले, तेव्हा राजाचा प्रदेशाशी विवाह लावण्याचा जो सोहळा झाला तो वृद्धांच्या आठवणी आणि जुनी पुस्तके पाहून मांडलेला होता, असे त्या काळच्या बखरीतच सूचित होते, आणि आधुनिक इतिहासकार त्यात दुबळ्या झालेल्या राजवंशाने केलेला हेतुपुरस्सर पुनरुज्जीवनाचा प्रयत्न पाहतात. सहाच वर्षांनी फेलिम अथेनरायच्या लढाईत पडला. पण त्या सोहळ्याला कोणी खोटा म्हणत नाही.

आयरिश कुलप्रमुखपदाच्या इतिहासात सर्वांत परके पाऊल कोणते, असे विचारले तर उत्तर १६०८ चा निवाडा आणि त्याचाच नियम नकळत पुढे चालवणारी विसाव्या शतकातील सरकारी मान्यता असेच द्यावे लागेल. संमेलनात हात वर करून निवडलेला, ठरावीक मुदतीचा, स्त्री किंवा पुरुष प्रमुख हा त्या मानाने मूळ तत्त्वाच्या कितीतरी जवळ आहे. मात्र या संघटनांवर एक जबाबदारीही येते. मॅककार्थी प्रकरण घडू शकले, कारण पुरावे फायलींत बंद होते आणि नाव बंद खोलीत दिले गेले होते. म्हणून प्रत्येक कुलाने आपल्या निवडीचे नियम, सदस्यांची यादी आणि विधीला आधारभूत असलेले दस्तऐवज छापून सर्वांपुढे ठेवावेत, वंशावळींची तपासणी बाहेरच्या अभ्यासकांकडून करून घ्यावी, आणि मस्तकावरून दंड फिरवून नाव उच्चारणाऱ्याला ते याच व्यक्तीला का दिले, याचे उत्तर जमलेल्या प्रत्येक नातलगाला तेथल्या तेथे देता यावे.